बरणीतले स्मरणरंजन

दिवाळी अंकांच्या ललित विभागात दरवर्षी एक बरणी निघते. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, तोंडाला दादरा बांधलेली. तिच्यामागे आजी असते, आजीच्या हाताला चव असते, माजघरात गारवा असतो आणि लेखकाच्या डोळ्यांच्या कडा ओलावत असतात. लेखक बहुधा पुरुष. लेखिका असलीच तर शहरात स्थिरावलेली आणि लोणचे विकत आणणारी. विकत आणण्याला माझी हरकत नाही, मीही आणते. हरकत आहे ती या बरणीला आपण वर्गात ‘मराठी संस्कृती’ म्हणून शिकवतो, याला.

मुळात वाळवण ही मायेची गोष्ट नव्हतीच. ती टंचाईची गोष्ट होती. आपल्याकडचा ‘बेगमी’ हा शब्द घ्या किंवा कोकणातली ‘आगोट’ घ्या. पावसाळ्यात वाटा बंद, भाजी नाही, मासेमारी थांबलेली, हे गृहीत धरून केलेली ती तजवीज आहे. आमसुले, सुकट, मातीत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या यांच्यामागे रुचीच्या आधी भीती आहे. मराठवाड्यात जिने 1972 चा दुष्काळ पाहिला आणि मदतकेंद्रावरची सुकडी खाल्ली, तिला कणगीतल्या धान्याविषयी हळवे होणे जमत नाही. ती कणगी आधी वाजवून पाहते.

आता कुरडई. ललित लेखात ती तळून, फुलून थेट ताटात येते. प्रत्यक्षात गहू तीन दिवस भिजत पडतो, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी आंबूस वासाचा तो गहू वाटायचा, पिळायचा, गाळायचा. रात्रभर चीक तळाशी बसतो. पहाटे चारला उठून वरचे पाणी अलगद ओतून द्यायचे आणि आधणात चीक हाटायचा. हाताने क्षणभर थांबायचे नाही, नाहीतर गुठळ्या होतात. तो शिजताना बुडबुडे फुटून उडतो. माझ्या उजव्या मनगटावर त्याचे तीन डाग आहेत. गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या, कारण निवला की चीक सोऱ्यातून उतरत नाही. हे सगळे पहाटे, कारण कुरडईला दिवसभराचे पूर्ण ऊन मिळाले पाहिजे. आभाळ आले तर बुरशी धरते. गाळणीवर उरलेला चोथाही टाकायचा नाही, त्याच्या भुसवड्या घालायच्या. ज्या घरात ही भुसवडी होती ते घर ललित लेखात क्वचित येते. कुरडईचे मात्र कौतुक.

याला ‘आजीच्या हाताची चव’ म्हणणे म्हणजे कौशल्य नाकारणे होय. आंबवणे, निथळणे, पाण्याचा अंश काढून टाकणे, मिठाने फोडींतले पाणी बाहेर ओढणे, फोडींच्या वर बोटभर तेल ठेवून हवा तोडणे: हे सारे ज्ञान आहे, आणि चूक केली तर वर्षाचे अन्न नासवणारे ज्ञान आहे. सुताराच्या बाबतीत आपण हाताच्या चवीची भाषा करत नाही. बाईने केले की कसबाची माया होते आणि मायेला मजुरी नसते. 1959 साली गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पापड तेच, लाटणेही तेच. दाम मिळू लागला तेव्हा ते काम ठरले.

दुसऱ्या बाजूला भ्रमणध्वनीवरून फिरणारी ‘आपल्या पूर्वजांचे विज्ञान’ ही जमात आहे. तिचा समाचार घ्यावा इतकी ती गंभीर नाही, पण एक मुद्दा नोंदवते. लोणच्याच्या बरणीपाशी मला दोन आज्ञा मिळाल्या: ओला हात लावू नकोस, आणि ‘त्या’ चार दिवसांत शिवू नकोस. दोन्ही एकाच स्वरात, एकाच तोंडून. पहिली खरी आहे, पाणी गेले की लोणच्याला बुरशी येते. दुसरी निव्वळ विटाळ आहे. पूर्वजभक्त दोन्ही विज्ञान म्हणून स्वीकारतात, आपल्यातले काही सुधारक दोन्ही अडाणीपणा म्हणून फेकतात. आणि पुष्कळ ब्राह्मणी घरांत हे सोवळ्यातले काम आलवण नेसलेल्या, केशवपन केलेल्या आत्याच्या वाट्याला येई, तिला स्वतःला मात्र खाण्यावर शंभर बंधने असत, हे दोघेही विसरतात. परंपरेचे वाचन करणे हा तर आपला व्यवसाय. असो.

आता मला खरे जे सांगायचे आहे ते. काही वर्षांपूर्वी मी प्रथम वर्षाच्या वर्गाला ‘आमच्या घरचे वाळवण’ असा निबंधाचा विषय दिला. सगळ्यांनी पापड लिहिले. ज्यांच्या घरी कधी उडदाचे पापड झाले नसावेत अशांनीही लिहिले, कारण निबंधात काय लिहायचे असते हे त्यांना पाठ्यपुस्तकांनी शिकवले होते. एका मुलाने चान्यांवर लिहिले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायच्या. मग वर्षभर मूठभर काढून कालवणात टाकायच्या. इतरांनी पापडांची राखण कावळ्यांपासून केली होती. याची आजी दोरीची राखण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेपासून करत होती. तंत्र तेच, ऊनही तेच. मी समासात लाल शाईने ‘विषयांतर’ असे लिहिले.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांचा तो ऐवज वाचताना मला तो समास आठवला. त्याच वर्षी गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात लागू झाला, आणि त्या दोरीवरचा पदार्थच बदलला. म्हणजे ज्या अन्नाला आपण साहित्यात येऊ दिले नाही, ते निदान चुलीवर होते. तिथूनही ते हलले. त्याचे स्मरणरंजन कोणी लिहिले तर दिवाळी अंकाचा संपादक ते ललित विभागात घेईल, की ‘दलित साहित्य’ या वेगळ्या खणात ठेवील? वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचेही तेच. तो वास बरणीवाल्या लेखकाला प्रवासवर्णनात चालतो, आठवणीत चालत नाही.

यंदा पुन्हा तोच विषय वर्गाला दिला आहे, ‘वाळवण’ शब्दाखाली काय काय येऊ शकते हे आधी फळ्यावर लिहून. चान्या हा शब्द मी लिहिला तेव्हा मागच्या बाकांवर हसू उमटले आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली. एकतीस कागद आले आहेत. तिचा वरून नववा आहे.