जगज्जेत्यांच्या टांकसाळी

'जगज्जेता' हा शब्द मुळात एकवचनी आहे. जग एक, म्हणून एका खेळातील एका वजनगटाचा जगज्जेताही एकच असावयास हवा, अशी सामान्य माणसाची भाबडी परंतु रास्त समजूत असते. कराटे आणि किकबॉक्सिंग या दोन क्रीडाप्रकारांनी गेल्या अर्धशतकात या समजुतीला पुरता सुरुंग लावला आहे. एकाच वर्षी, एकाच वजनगटाचे अनेक 'विश्वविजेते' घोषित होतात. प्रत्येकाजवळ पदक असते, प्रमाणपत्र असते आणि प्रमाणपत्रावर भारदस्त मोहोर असते. आपल्याकडील वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवरही अमक्या शाळेच्या विद्यार्थ्याने 'आंतरराष्ट्रीय' कराटे स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविल्याची वार्ता अधूनमधून झळकते. ते पदक कोणी दिले आणि देणाऱ्यास तो अधिकार कोणी दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारावयास हवा. कारण त्याच्याशी आता केवळ क्रीडारसिकांची हौस निगडित नाही; पालकांचा पैसा, परीक्षेतील गुण आणि सरकारी नोकरीतील जागा निगडित आहेत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. अठराव्या शतकातील महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. टांकसाळी अनेक, प्रत्येकीचे नाणे वेगळे आणि त्यातील चांदीचे प्रमाणही वेगळे. 'रुपया' हा शब्द सर्वांना समान, पण खरी किंमत सराफाला ठाऊक. तो बट्टा कापून एक रुपया दुसऱ्यात बदलून देई. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच प्रमाण रुपया काढला, तरी हा गोंधळ निस्तरावयास पुढे पुष्कळ काळ जावा लागला. कराटे-किकबॉक्सिंगच्या जगात पदव्यांच्या टांकसाळी आज अशाच अनेक आहेत. फरक इतकाच की, येथे बट्टा सांगणारा सराफ पेढीवर बसलेला नाही.

एक कला, अनेक घराणी

हे असे का झाले, याचे उत्तर दोन्ही खेळांच्या जन्मकथेत आहे. कराटे ही मूळची ओकिनावा बेटाची विद्या. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि जपानच्या मुख्य भूमीवर तिचा प्रसार सुरू झाला. परंतु ती पसरली ती गायकीप्रमाणे, घराण्याघराण्यांतून. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू ही त्यांपैकी चार प्रमुख. ज्यूदोची गोष्ट वेगळी. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापिली आणि ज्यूदोची सारी परंपरा त्या एका वास्तूत नांदली. कानो स्वतः १९०९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सभासद होते. १९५१ मध्ये ज्यूदोचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्यूदोचा प्रवेशही झाला. कराटेला असे सर्वमान्य थोरले घर कधीच लाभले नाही. उलट गुरू गेला की शिष्यांत वाटणी, हाच क्रम. जपान कराटे असोसिएशनचे प्रमुख मासातोशी नाकायामा १९८७ मध्ये वारले. त्यानंतर संस्थेच्या वारशाचा वाद १९९९ पर्यंत न्यायालयांत चालला. क्योकुशिन पंथाचे संस्थापक मासुतात्सु ओयामा १९९४ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या संघटनेचीही शकले झाली. प्रत्येक शकल स्वतःस आंतरराष्ट्रीय म्हणविते.

कराटेच्या या घराण्यांची मोट बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७० चा. 'वुको' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा जागतिक संघ त्या वर्षी टोकियोत स्थापन झाला आणि त्याची पहिली जागतिक स्पर्धाही तेथेच झाली. परंतु लवकरच हिदेताका निशियामा यांच्या पुढाकाराने दुसरा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. परिणाम काय झाला पाहा. १९७५ मध्ये 'वुको'ची जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे भरली आणि प्रतिस्पर्धी संघाची त्याच वर्षी शेजारच्या लॉस एंजेलिसमध्ये. १९७७ मध्ये दोहोंच्या स्पर्धा टोकियो या एकाच नगरीत झाल्या. एक कला, एक वर्ष, एक शहर, आणि जग मात्र दोन!

किकबॉक्सिंगची कथा गुरुकुलातली नव्हे, बाजारातली. जपानात साठीच्या दशकात ओसामु नोगुची या आयोजकाने हे नाव रूढ केले. अमेरिकेत सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिस येथे व्यावसायिक कराटेच्या पहिल्या जागतिक लढती झाल्या. त्या भरविणाऱ्या 'पीकेए' संस्थेला दूरचित्रवाणीचा आश्रय होता. तिच्या नियमांत कमरेखाली लाथ मारण्यास बंदी होती, आणि खेळाडू केवळ ठोशांवरच भागवू लागले तेव्हा प्रत्येक फेरीत किमान आठ लाथा मारल्याच पाहिजेत, असे बंधन घालावे लागले. दोनच वर्षांनी 'डब्ल्यूकेए' ही स्पर्धक संस्था निघाली. तिने मांडीवरील लाथ वैध ठरविली. १९७६ मध्येच जर्मनीच्या गेओर्ग ब्रुकनर यांच्या पुढाकाराने हौशी खेळाडूंसाठी 'वाको' ही संघटना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये बर्लिनला तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ऐंशीच्या दशकात आणखी संघटना आल्या, १९९३ मध्ये जपानात 'के-वन'चा भव्य तमाशा सुरू झाला. प्रत्येकाचा नियम निराळा, पट्टा निराळा, आणि विजेता अर्थात 'जगाचा'.

नियमाची किंमत

काही जण म्हणतील, यात बिघडले कोठे? स्पर्धा हा तर अर्थव्यवस्थेचा प्राण. दुकाने जितकी अधिक तितके ग्राहकाचे हित. हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे, परंतु त्यात एक गफलत आहे. क्रीडा-संघटना दोन निरनिराळ्या गोष्टी पुरवीत असतात. एक शिक्षण, दुसरे मोजमाप. शिक्षणात चढाओढ असणे इष्टच आहे. कोणत्या गुरूकडे कोणती शैली शिकावी, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु मोजमापाचे तसे नाही. पेठेत किराणा मालाची शंभर दुकाने असोत, किलो मात्र एकच असावा लागतो. प्रत्येक दुकानदार आपापला किलो बाळगू लागला तर त्याला कोणी निकोप स्पर्धा म्हणणार नाही.

मोजमाप किती निर्णायक असते, याचे उदाहरण ऑगस्ट २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाचा अंतिम सामना सौदी अरेबियाचा तारेग हामेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादेह यांच्यात झाला. हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ गंजजादेहच्या मस्तकावर अशी बसली की तो बेशुद्ध होऊन पडला. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार आघात आवरता यावयास हवा. तो अतिरेकी ठरला आणि हामेदी बाद झाला. आडवा पडलेला खेळाडू सुवर्णपदकाचा धनी झाला. हीच लाथ क्योकुशिनच्या रिंगणात किंवा किकबॉक्सिंगमध्ये बसती, तर निकाल नेमका उलटा लागता. तेव्हा विजेता कोण, हे केवळ अंगबळावर आणि कौशल्यावर ठरत नाही. नियमपुस्तक कोणाचे, यावरही ठरते. नियम वेगळे असण्यात दोष नाही. दोष आहे तो वेगवेगळ्या नियमांच्या, वेगवेगळ्या दर्जाच्या विजयांना एकच नाव देण्यात.

या व्यवहारात आणखी एक खोच आहे. व्यावसायिक किताबांना मान्यता देणाऱ्या संघटनांचे उत्पन्न मुख्यतः लढतीच्या मान्यता-शुल्कावर अवलंबून असते. हौशी संघटनांचे प्रवेशशुल्कावर, पट्ट्यांच्या परीक्षांवर आणि सभासदांच्या वर्गणीवर. किताब जितके अधिक तितकी मिळकत अधिक. मग वजनगट वाढतात, वयोगट वाढतात, प्रकार वाढतात आणि चलनवाढीत रुपयाचे जे होते तेच पदकाचे होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, मालाचा कस विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. वर्षानुवर्षे घाम गाळून खऱ्या जागतिक स्पर्धेत पाचवा आलेला खेळाडू आणि मूठभर स्पर्धकांत 'विश्वविजेता' ठरलेला खेळाडू यांत लोकांच्या लेखी दुसराच थोर ठरतो. मग पहिल्याने घाम तरी का गाळावा?

मक्तेदारीचेही भय

यावर रूढ उपाय म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता. 'वुको'ला ती १९८५ मध्ये मिळाली, परंतु पारंपरिक गटाशी ऐक्य करण्याचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. नव्वदीच्या दशकात जागतिक कराटे महासंघ हे नाव धारण केलेल्या या संघटनेस १९९९ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. ऑलिम्पिकचे दार मात्र २०१६ मध्ये उघडले, तेही केवळ टोकियोपुरते. पॅरिसला कराटे नव्हते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी विचारात घेतलेल्या नऊ खेळांत कराटे आणि किकबॉक्सिंग दोन्ही होते; ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या समितीच्या अधिवेशनाने पाच खेळ पसंत केले, त्यांत क्रिकेट आले, हे दोन्ही राहिले. किकबॉक्सिंगच्या 'वाको'ला जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आहे. लाइट कॉन्टॅक्टपासून 'के-वन'पर्यंतचे निरनिराळे प्रकार तिने आपल्याच छत्राखाली, परंतु प्रत्येकाचे नाव व नियम वेगळे ठेवून घेतले. हा मार्ग शहाणपणाचा आहे.

तथापि मान्यता म्हणजे सचोटीची हमी नव्हे. मुष्टियुद्धाचा जागतिक संघ वर्षानुवर्षे एकमेव मान्यताप्राप्त संघ होता. आर्थिक व्यवहार, पंचांची कामगिरी आणि कारभार यांवरून ऑलिम्पिक समितीने त्याला २०१९ मध्ये निलंबित केले आणि जून २०२३ मध्ये त्याची मान्यता पूर्णतः काढून घेतली. एकच टांकसाळ असावी हे खरे, पण टांकसाळीचा दारोगाच खोटे नाणे पाडू लागला तर दाद कोणाकडे मागावयाची? डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाविरुद्ध दिलेला निर्णय या दृष्टीने मननीय आहे. इतरांच्या स्पर्धांत भाग घेतल्याबद्दल खेळाडूंना शिक्षा करण्याचे अनिर्बंध अधिकार संघाने स्वतःकडे घेणे, हे स्पर्धाविषयक कायद्याशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. मोजमापाचा अधिकार एकाकडे असावा, परंतु त्या अधिकाराच्या आडून बाजार काबीज करण्याची मुभा असू नये, असाच त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे या भांडणाची झळ थेट पोचलेली आहे. २०२० मध्ये अंतर्गत कलहामुळे भारतीय कराटे संघटनेची मान्यता प्रथम भारतीय ऑलिम्पिक संघटनेने आणि नंतर जागतिक महासंघाने काढून घेतली. वरच्या मजल्यावरील वादात तळमजल्यावरचा खेळाडू भरडला जातो, तो असा. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. शालान्त परीक्षांत क्रीडागुणांची सवलत आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेत. पण बनावट प्रमाणपत्र एक वेळ पकडता येते. खरे असूनही निरर्थक असलेले प्रमाणपत्र अधिक घातक. त्यात खोटे काही नसते. स्पर्धा झालेली असते, सही खरी असते, मुलाने कष्टही केलेले असतात. फक्त देणाऱ्या संघटनेच्या नावातील 'जागतिक' या शब्दाला मोल नसते आणि ते कळते अर्जाची छाननी होते तेव्हा. तोवर वर्गाची फी, पोशाख, परीक्षाशुल्क आणि परगावच्या स्पर्धांचा प्रवासखर्च होऊन गेलेला असतो. हा खर्च पोटाला चिमटा काढून करणारी माणसे कारकुनाच्या, शिक्षकाच्या, गिरणी-कारखान्यातल्या कामगाराच्या घरचीच असतात.

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. क्रीडा-संघटनांना मान्यता देणारे मंडळ आणि त्यांचे तंटे सोडविणारे न्यायाधिकरण त्यात योजिले आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु दिल्लीतील मंडळ गल्लीतील वर्गापर्यंत पोचणार नाही. त्यासाठी एक साधा आणि बिनखर्चाचा नियम पुरेल. कराटे वा किकबॉक्सिंगच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तीन गोष्टी छापणे सक्तीचे करावे. स्पर्धा भरविणारी संघटना कोणत्या राष्ट्रीय व जागतिक संघाशी संलग्न आहे, त्या गटात प्रत्यक्ष किती स्पर्धक उतरले होते, आणि ते किती राज्यांतून वा देशांतून आले होते. मान्यताप्राप्त संघटनांची यादी प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावी. कोणाच्याही वर्गावर बंदी घालावयाचे कारण नाही. ज्याला आपल्या नाण्यातील चांदीची खात्री आहे, त्याने ती नाण्यावर कोरावयास का कचरावे?

शैली अनेक असोत. त्यातच या विद्येचे वैभव आहे. टोकियोत काताचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच ऱ्यो कियुनाने जिंकले, तेव्हा त्या विद्येचा शंभर वर्षांचा प्रवास सार्थ झाला, असे कोणासही वाटले असेल. त्या पदकाला मोल आले, कारण त्याचा किलो साऱ्या जगाने मान्य केलेला होता. आपल्या गल्लीतील पोराने मिळविलेल्या पदकालाही तसेच, त्याच्या कष्टांइतके मोल यावे, बट्टा लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी करण्याची जबाबदारी पोरावर नाही. पदक देणाऱ्यांवर आणि ते मोजून घेणाऱ्या शासनावर आहे.