आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं?



"एकदा मुलांचं मार्गी लागू दे, मग बघू माझं." हे आपल्यातल्या बहुतेकींनी कधी ना कधी म्हटलेलं असतं. आधी शाळा, मग दहावी-बारावी, मग लग्नं, मग नातवंडं. माझ्या ओळखीतल्या एकीचं असं 'सगळ्यांचं' एकदाचं झालं. मुलं परगावी, घर शांत. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आता तुला आवडेल ते कर." तर आपल्याला काय आवडतं तेच तिला आठवेना. फोन ठेवून ती रडत बसली. म्हणून सांगते, ही रांगच मला पटत नाही.

बी.कॉम. झालेल्यांना अब्राहम मॅस्लो हे नाव आठवेल. व्यवस्थापनाच्या पेपरला हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हमखास असायचा. त्रिकोण काढायचा आणि पाच गरजा लिहायच्या: खाली अन्न-पाणी-झोप, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मान, आणि टोकावर आत्मपूर्ती. म्हणजे आपल्यात जे होण्याची ताकद आहे, ते होणं. त्या त्रिकोणामुळे डोक्यात एकच बसतं की खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही.

गंमत अशी, की १९४३ साली मॅस्लो यांनी हा विचार मांडला त्या लेखात त्रिकोण नव्हताच. तो पुढे व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढला. लेखात होते ते केवळ समजावण्यापुरते धरलेले आकडे: साधारण माणसाची शरीराची गरज ८५ टक्के भागलेली असते, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मानाची ४० आणि आत्मपूर्तीची १० टक्के. हिशेब लिहिणाऱ्या बाईला यातून चटकन कळतं, की पाचही खाती एकाच वेळी चालू असतात. एक पूर्ण भरल्यावर मगच दुसरं उघडायचं, असं कुठेही नाही. शिवाय हा क्रम सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. आपल्याला ते वेगळं सांगायला नको. अठाई करणारी बाई आठ दिवस पोटाची पायरी रिकामी ठेवते आणि मनाने कुठल्या कुठे वर असते.

मॅस्लो, कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या सोबत्यांच्या या विचाराला मानवतावादी मानसशास्त्र म्हणतात. त्याआधी मनाचा अभ्यास म्हणजे एकतर आजारी मनाचा शोध, नाहीतर बक्षीस आणि शिक्षेने वागणं कसं बदलतं याचे प्रयोग, असा जोर होता. या मंडळींनी विचारलं, की निरोगी माणसाला काय हवं असतं?

त्याचं उत्तर फक्त मोठ्या माणसांत सापडतं असं नाही. मॅस्लो यांच्या अभ्यासात एक गरीब, न शिकलेली गृहिणी होती. चित्रं नाहीत, कविता नाहीत. पण थोड्या पैशांत तिचं घर सुंदर असायचं आणि तिचं साधं जेवणही मेजवानीसारखं असायचं. अव्वल दर्जाचं सूप दुय्यम चित्रापेक्षा अधिक सर्जनशील असू शकतं, हे आपण अशा बायकांकडून शिकलो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

मात्र हे वाचून घरच्यांनी "बघ, तुझं स्वयंपाकघर हीच तुझी कला" म्हणून मोकळं होऊ नये. त्या गृहिणीचं मन त्यात होतं. एखादीच्या हाताला चव असते, पण मन पेटीच्या सुरांत असतं, रोपांत असतं. मी दुपारी तासभर आमच्या महिला मंडळाचे हिशेब बघते. पैसा मिळत नाही, पण जमाखर्च जुळला की जे वाटतं, ते चाळीस पुरणपोळ्या लाटून मला कधी वाटलं नाही.

"पण हा स्वार्थ नाही का? आपल्याला तर 'मी' कमी करायला शिकवलंय," असं काहीजणी म्हणतील. प्रश्न रास्त आहे. मॅस्लो स्वतःही आयुष्याच्या शेवटी आत्मपूर्तीच्याही पलीकडे, स्वतःला ओलांडून जाण्याबद्दल लिहू लागले होते. माझं मत सांगते. मन मारणं आणि सोडणं यात फरक आहे. जे हातात घेतलंच नाही, ते सोडणार कसं? आणि मारलेलं मन गप्प बसत नाही. ते सुनेच्या भाजीतल्या मिठावरून बोलतं.

रॉजर्स यांनी लहानपणची एक आठवण लिहिली आहे. घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत. आपल्यापैकी अनेकींच्या घरात बटाटा येत नाही, पण दृष्टान्त घ्यायला हरकत नाही. त्या अंधारातही बटाट्यांना फिकट, लांबट कोंब फुटायचे आणि दूरच्या खिडकीतल्या उजेडाकडे वाढत जायचे. रॉजर्स यांचं म्हणणं, की माणसाचंही तसंच असतं. वाढायची ओढ असतेच, हवा असतो उजेड, म्हणजे अटी न घालता आपल्याला स्वीकारणारं कुणीतरी.

आता आपण साठीच्या बायका. घरातली ती खिडकी बऱ्याचदा आपल्याच हातात असते. सून म्हणाली, "आई, संध्याकाळी एक तास मी क्लासला जाते," तर "आधी घरचं आटप" म्हणायचं की "जा, मी कुकर लावते" म्हणायचं, हे आपण ठरवतो. तिला साठाव्या वर्षी आपली आवड आठवेनाशी होऊ नये एवढं तरी आपण करू शकतो.

आणि आपलं काय? शंभर टक्के कुणीच मागत नाही. दहा टक्क्यांचं खातं आजच उघडा.