अन्यभाषेला हसण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या माळशिरसच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरला. पत्र्याच्या शेडमध्ये ख्रिस्ती प्रार्थनासभा चालली आहे. बायाबापडी हात वर करून, डोळे मिटून कुणालाच न कळणारं काहीतरी भरभर बोलतायत. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. ‘नाटकं’, ‘येड्यांचा बाजार’ वगैरे. ग्रुप आपल्याच मुस्लिम पोरांचा आहे, म्हणून हे लिहितोय.

ख्रिस्ती लोक याला ‘अन्यभाषा’ म्हणतात. पवित्र आत्मा उतरला की माणूस न शिकलेल्या भाषेत बोलू लागतो, अशी पेन्टेकॉस्टल पंथाची श्रद्धा. हे कालपरवा बाहेरून आलेलं खूळ आहे असं समजणाऱ्यांनी दौंडजवळचं केडगाव आठवावं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. 1906 संपता संपता तिथल्या मुली अन्यभाषेत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या, तेही वर्ष 1906च.

केडगावच्या त्या मुली कोण होत्या? अनाथ, बालविधवा, दुष्काळातून वाचवून आणलेल्या. त्यांना ना घरात तोंड उघडायची मुभा होती, ना गावात. अशा मुलीच्या घशातून हाक फुटली आणि तिला शब्द सापडले नाहीत, यात हसण्यासारखं काय आहे? ज्ञानोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. रिंगणात वारकऱ्याचं भान हरपतं, तेव्हा आपण हसत नाही. दर्ग्यात कव्वालीला एखाद्याला ‘हाल’ येतो, तेव्हा लोक त्याला सांभाळून धरतात. मग शेजारच्या गल्लीतली ख्रिस्ती बाई तेवढी येडी कशी?

पण श्रद्धेचा आदर म्हणजे दाव्याला सूट नव्हे. आत्म्याने आपल्याला बंगाली भाषा दिली, असं समजून अल्फ्रेड गार हा अमेरिकी उपदेशक 1907 च्या सुरुवातीला कलकत्त्यात आला. त्याची ‘बंगाली’ एकाही बंगाल्याला कळली नाही. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने 1972 च्या पुस्तकात दाखवून दिलं की या बोलण्यातले ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्याच भाषांतले असतात आणि त्यामागे भाषेचं व्याकरण नसतं. हे बोलणं शक्तीचा दाखला म्हणून वापरून कुणी आजाऱ्याला गोळ्या बंद करायला लावत असेल, तर त्याला विरोध झालाच पाहिजे. आपल्याकडच्या तावीजवाल्यांनाही तोच नियम.

हा नियम खुद्द बायबलमध्ये आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो, की अर्थ सांगणारा कुणी नसेल तर अन्यभाषा बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावं. न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. रमाबाईंनी मुलींची पाठराखण केली, पण स्वतः मात्र त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण आयुष्याची शेवटची वर्षं तिने सोप्या मराठीसाठी खर्च केली. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये त्यांचं बायबल प्रसिद्ध झालं.

आता आरसा आपल्याकडे वळवू. प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, असं कुरआन सांगतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. आणि आपण? घरी दखनी, शाळेत मराठी, नमाज अरबीत आणि कागद उर्दूत.

माझी धाकटी बहीण मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकली. तिचा निकाहनामा उर्दूत होता. ‘सही कर’ म्हटलं, तिने केली. मेहरपुढे ‘मुअज्जल’ लिहिलं होतं. हा शब्द एका अक्षराने लिहिला तर अर्थ होतो ताबडतोब देणं, दुसऱ्याने लिहिला तर नंतर देणं. आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार एकच. तिच्या कागदावर कोणता आहे, हे चार वर्षांनी ती माहेरी परत आली तेव्हा दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावर कळलं. नंतरचा होता. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. मलाही तो वाचता आला नव्हता.

शेडमधली ती बाई देवाशी न कळणाऱ्या भाषेत बोलते. त्यात कुणाचा हक्क बुडत नाही. आपण माणसांशी न कळणाऱ्या भाषेत बोलतो, आणि त्यात पोरींचे हक्क बुडतात.

नमाज अरबीतच राहू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुम्याचं बयान मराठीत व्हावं, आणि निकाहनामा मराठीत छापून सहीआधी नवरीला मोठ्याने वाचून दाखवावा. तेवढं जमलं, की मग खुशाल दुसऱ्यांचे व्हिडिओ बघा. तोवर त्या इमोजी पुसून टाका.