कसोटी औषधाची आणि किमतीचीही

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील डाराट्युमुमॅब या प्रतिपिंड औषधास अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. भारत सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरील वस्तू व सेवा कर शून्यावर आणला. परंतु कर हटल्याने मक्तेदारी हटत नाही. तिला खरा उतारा बायोसिमिलरचा, म्हणजे समतुल्य औषधाचा. असे औषध जिवंत पेशींत घडते. म्हणून नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर त्याची काटेकोर चाचणी व्हावी, याविषयी दुमत नाही. मात्र ज्यांच्या देहावर ही कसोटी होते, त्यांनाच उद्या ते परवडणार नसेल, तर चाचणी विज्ञानासाठी की बाजारपेठेसाठी? परवाना देतानाच सरकारने किंमत बांधावी, सार्वजनिक रुग्णालयांना पुरवठा सक्तीचा करावा. उपचार हा दानधर्म नव्हे. तो जनतेचा हक्क आहे!