सण आणि सैल जीभ

दिवाळी अंकाच्या संपादकाला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य एकच : पूर्वीसारखा विनोद आता राहिला नाही. ते पत्रांतून येते, फोनवर येते, स्टॉलवर उभ्या उभ्या अंक चाळणाऱ्याच्या तोंडून येते. बोलणाऱ्याच्या मनात चि. वि. जोशींचा चिमणराव असतो, पु. ल. असतात, ‘आवाज’मधली खिडकी-चित्रे असतात, आणि त्यांच्यापुढे आजचा कोणताही लेखक उभा केला तरी तो खुजाच ठरणार असतो. आम्ही वाद घालत नाही. या तक्रारीचे वय मात्र ठाऊक असलेले बरे.

इ. स. पू. ४६ मध्ये सिसेरोने नेपल्सला राहणाऱ्या पेटस नावाच्या मित्राला एक पत्र लिहिले. रोमची अस्सल थट्टामस्करी बुडाली, असे त्यात त्याचे रडगाणे आहे. आधी शहरात परगावचे लोक शिरले, मग विजारी घालणारे आल्प्सपलीकडचेही आले, आणि जुन्या गमतीदार बोलण्याचा मागमूस उरला नाही. आता तुझ्यातच काय तो त्या घरच्या गमतीचा चेहरा दिसतो, असे तो मित्राला कळवतो. बाहेरचे आले आणि आमच्या शहराचे बोलणे बिघडले, हा सूर आपल्या कानांना परका नाही. गंमत अशी की सिसेरो स्वतः रोमचा नव्हेच. तो आर्पिनम नावाच्या डोंगरावरच्या लहान गावातून आलेला.

जे हरवले म्हणून तो हळहळतो, त्यासाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द आहे ‘फेस्तिवितास’. ‘फेस्तुस’ म्हणजे सणाचा. त्यावरून ‘फेस्तिवुस’, म्हणजे सणासारखा, म्हणून हसरा, लोभस, गमत्या. आणि त्याचे भाववाचक नाम फेस्तिवितास. सिसेरोच्या दीडेकशे वर्षे आधीच्या प्लॉटसच्या प्रहसनांत प्रेयसीची लाडीगोडी करताना पात्रे याच शब्दाने तिला हाक मारतात. सिसेरोपर्यंत येता येता तो वक्तृत्वाचा शब्द झाला : भाषणातली, गप्पांतली खुसखुशीत हुशारी. सणाचा आनंद, माणसाचा गोडवा आणि बोलण्यातली चमक एकाच शब्दात नांदत होती, आणि त्या रोमनांना त्यात काही विशेष वाटत नव्हते.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा शब्द आणण्याचे कारण त्याच्या या मिश्रणात आहे. आम्हालाही दरवर्षी हेच मिश्रण जमवायचे असते आणि दरवर्षी ते थोडे फसते.

सिसेरोचा ‘वक्त्याविषयी’ हा ग्रंथ इ. स. पू. ५५ चा. त्यातला संवाद मात्र त्याने इ. स. पू. ९१ च्या सप्टेंबरात नेऊन ठेवला आहे. रोममध्ये क्रीडोत्सवाची सुट्टी आहे, राजकारण तापलेले आहे, आणि काही नामांकित वक्ते शहराबाहेर टस्क्युलमला त्यांच्यातल्याच क्रॅससच्या वाडीवर जमले आहेत. विनोदावर बोलायचे काम ज्याच्याकडे येते त्याचे नाव गायस ज्युलियस सीझर स्ट्राबो. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या सीझरचा हा नातलग. तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की, विनोदावरची ग्रीक पुस्तके आपण मोठ्या आशेने वाचली. पण विनोदाचे शास्त्र शिकवू पाहणारे सगळे इतके अळणी निघाले की हसण्यासारखे काही असेल तर तो त्यांचा अळणीपणाच. विनोदी लेखनाच्या कार्यशाळा भरवणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावे.

स्ट्राबो विनोदाच्या दोन जाती सांगतो. एक टोचणारी, तोकडी, क्षणात लागून जाणारी. तिला ‘दिकाकितास’ म्हणत. दुसरी साऱ्या बोलण्यात सारखी पसरलेली. तिला तो ‘अखंड फेस्तिवितास’ म्हणतो, आणि ती शिकवता येत नाही असे त्याचे मत आहे. काही माणसे जन्मतःच नकला करणारी, गोष्टी रंगवणारी असतात, चेहरा आणि आवाजही त्यांना साथ देतो. लॅटिनमध्ये मिठाला ‘साल’ म्हणतात आणि चतुर बोलण्यालाही तोच शब्द आहे. तेव्हा सणाच्या दिवसांत हे चिवड्याच्या भाषेत सांगायला हरकत नाही : मीठ वरून भुरभुरले तर डब्याच्या तळाशी जाऊन बसते, फोडणीत पडले तर प्रत्येक पोह्याला लागते. आमच्याकडे येणारे बहुतेक विनोदी लेख भुरभुरलेले असतात. दर चौथ्या ओळीला कोटी, आणि मधल्या तीन ओळी कोटीची वाट बघत बसलेल्या.

स्ट्राबोने दिलेल्या उदाहरणांपैकी आम्हाला सर्वांत आवडणारे नासिकाचे. (हे आडनाव आहे, आपल्या गोदावरीकाठच्या शहराशी संबंध नाही.) तो कवी एन्नियसच्या घरी गेला. मोलकरणीने सांगितले, मालक घरी नाहीत. मालक आत आहेत आणि त्यांच्याच सांगण्यावरून ती बोलते आहे, हे नासिकाने ओळखले आणि तो गुपचूप परतला. काही दिवसांनी एन्नियस त्याच्या दाराशी आला, तेव्हा नासिका आतून स्वतःच ओरडला की मी घरी नाही. एन्नियस म्हणाला, हा तर तुझाच आवाज. त्यावर नासिका चिडला : मी तुझ्या मोलकरणीवर विश्वास ठेवला, आणि तू प्रत्यक्ष माझ्यावर ठेवत नाहीस? यात कोटी नाही, शब्दांचा खेळ नाही, कुणाच्या रंगरूपाची टिंगल नाही. फक्त एक खोटे त्याच मापाने परत केले आहे. दोघे कवी-मित्र असते, दुसऱ्या पिढीतले असते, पुण्यातल्या वाड्यात राहत असते, तरी गोष्ट तशीच राहिली असती.

त्याच यादीत दुसरेही आहे. एकाची बायको अंजिराच्या झाडाला टांगून घेऊन मेली. त्याने ते दुःख सांगताच ऐकणाऱ्याने त्या झाडाच्या काही फांद्या लावायला मागितल्या. स्ट्राबोला हे चतुर वाटते. शारीरिक व्यंगांवर विनोद करायलाही तो परवानगी देतो, फार पाचकळ होऊ नये एवढीच त्याची अट. उलट, फार मोठा गुन्हेगार आणि फार दुःखी माणूस यांच्यावर हसू नये, हा नियम त्यानेच घालून दिला आहे. गुन्हेगाराला हसण्याहून धारदार शस्त्र लागते आणि दुःखी माणसाची खिल्ली लोकांना सोसत नाही. बायको मेलेला माणूस त्याच्या या नियमात का बसला नाही, हे मात्र तो सांगत नाही. बायकोवरचे विनोद आजही आमच्या टपालात भरपूर असतात. पाठवणाऱ्यांनी एवढी जुनी परंपरा आपल्या पाठीशी आहे म्हणून खूश होऊ नये. आम्ही ते परत पाठवतो.

सण आणि थट्टा एका शब्दात का आले, याचे एक कारण रोमच्या पंचांगात सापडते. सणाच्या दिवशी न्यायालये बंद, खटले बंद. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलियात तर घरातले गुलाम मालकासोबत जेवत, जुगाराला मोकळीक असे, लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत, आणि गुलामाला मालकाच्या तोंडावर बोलायची मुभा असे. होरेसच्या एका काव्यात दावुस नावाचा गुलाम ही मुभा वापरून धन्याला त्याच्या सगळ्या दुटप्पीपणाबद्दल सुनावतो. शेवटी होरेस त्याला शेतावर मजुरीला धाडण्याची धमकी देतो. मुभेची हद्द कुठे संपते, ते कवीने स्वतःवर हसून दाखवले आहे. आपल्याकडे ही मुभा शिमग्याची. दिवाळी हा उटण्याचा, औक्षणाचा, मोठ्यांच्या पाया पडण्याचा सण; त्या दिवसांत जिभेला सैल सोडायची रीत नव्हती. ती छापखान्याने आणली. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांच्या धर्तीवर. कथा-कवितांच्या मांडीला मांडी लावून थट्टाही दिवाळीच्या फराळात येऊन बसली, आणि चाळीसेक वर्षांनी निव्वळ विनोदाला वाहिलेले दिवाळी अंकही निघू लागले. शिमग्याचे काम दिवाळीने अंगावर घेतले, असे म्हटले तर सांस्कृतिक इतिहासकार रागावतील, रागावोत.

सैल जिभेची किंमत काय पडते, तेही त्याच रोमन मंडळींकडे पाहून कळते. पेटसला पत्र लिहिताना सिसेरो सीझरच्या हुकूमशाहीत जगत होता. आपल्या अनुपस्थितीत मंजूर झालेल्या ठरावांवर साक्षीदार म्हणून आपले नाव घातले जाते, आणि ज्यांचे नावही कधी ऐकले नाही असे दूरचे राजे आपल्याला राजेपद दिल्याबद्दल आभाराची पत्रे पाठवतात, हे तो हसत हसत लिहितो. सीझर स्वतः चतुर वचनांचा संग्राहक होता. सिसेरोच्या नावावर खपवलेला नकली विनोद त्याच्यापुढे आला तर तो ओळखून बाजूला काढतो, असे सिसेरोने त्याच पेटसला दुसऱ्या पत्रात कळवले आहे. विरोधकाच्या थट्टेचा इतका जाणकार हुकूमशहा पुन्हा झाला असेल असे वाटत नाही. त्याच्या जागी आलेला अँटनी तसा नव्हता. सिसेरोने त्याच्यावर भाषणांमागून भाषणे केली, त्यात राजकारण होते तशीच बोचरी टवाळीही होती. ७ डिसेंबर, इ. स. पू. ४३ रोजी सिसेरोला मारण्यात आले आणि त्याचे शिर रोमच्या चौकातल्या व्यासपीठावर लटकवले गेले. ज्याच्या तोंडी त्याने विनोदाचे विवेचन घातले त्या स्ट्राबोचे शिरही इ. स. पू. ८७ मध्ये त्याच व्यासपीठावर लटकले होते. त्याच संवादातला तिसरा माणूस, थोर वक्ता अँटोनियस, याचेही. हा अँटोनियस म्हणजे सिसेरोला मारणाऱ्या अँटनीचे आजोबा. विनोदावर पाने भरताना सिसेरोला आधीची दोन शिरे माहीत होती. पुढच्याच भागाच्या प्रस्तावनेत त्याने त्यांच्याविषयी लिहिले आहे.

पुढे शब्द आक्रसला. चर्चच्या लॅटिनमध्ये फेस्तिवितास म्हणजे संतांचा सण, एवढेच उरले, आणि त्याच कुळातला पोर्तुगीज ‘फेस्ता’ गोव्यात येऊन ‘फेस्त’ झाला. जुन्या गोव्यातले डिसेंबरचे फेस्त, त्याची फेरी, खाजे आणि चण्यांची दुकाने मराठी वाचकाला ठाऊक आहेत. या कुळातली चतुराई मात्र वाटेत गळून पडली. ती परत आणण्याचा एक मोठा प्रयत्न सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी केला. थॉमस मोरचा ‘युटोपिया’ १५१६ मध्ये लूव्हेंला छापला गेला, तेव्हा त्याच्या लांबलचक लॅटिन नावातच हे पुस्तक हितकारक तितकेच ‘फेस्तिवुस’ आहे, अशी जाहिरात होती. आदर्श राज्याचे गंभीर पुस्तक आणि त्यावर गमतीची हमी! हा मोर १५३५ मध्ये डगमगत्या वधमंचाशी पोचला तेव्हा त्याने अधिकाऱ्याला चढताना हात द्यायला सांगितले, उतरायचे आपले आपण पाहून घेऊ म्हणाला. ही आठवण त्याच्या जावयाने लिहून ठेवली आहे.

यंदाच्या अनुक्रमणिकेत ‘विनोद’ असा वेगळा विभाग नाही. कथा, लेख, प्रवास, शेतीवरचे टिपण, सगळे एकामागून एक आहे, आणि हसू कुठे येईल ते सांगितलेले नाही. यामुळे अंक उघडल्याबरोबर शेवटच्या पानांकडे धाव घेणाऱ्या वाचकांची गैरसोय होईल. व्यंगचित्रांची पाने मात्र मोकळी सोडली आहेत. व्यंगचित्रकारांना इतर मजकुरात विरघळायला सांगणे शहाणपणाचे नव्हते आणि त्यांनी ते ऐकलेही नसते. लेखकांनी मानधनाची वाट न पाहता मजकूर वेळेवर दिला, जाहिरातदारांनी न विचारता पाने वाढवली, दोघांचे आभार.

दिवाळी अंक भेट देण्याची आपल्याकडे रीत आहे, तेव्हा रोममधला आणखी एक प्रसंग सांगून ठेवतो. सॅटर्नेलियाच्या दिवशी काल्व्हस या कवीने आपला मित्र कॅटलस याला भेट म्हणून एक काव्यसंग्रह पाठवला. त्यात त्या काळातले तमाम रटाळ कवी निवडून एकत्र केले होते. कॅटलसने कविता लिहून त्याला उत्तर दिले : उजाडू दे, पुस्तकवाल्यांच्या दुकानात धावत जाईन, तिथले सगळे भिकार कवी गोळा करीन आणि सणाच्या भेटीची परतफेड करीन. हा अंक कुणाला पाठवायचा ते नीट विचार करून ठरवा. पाडव्याला दुकाने उघडी असतात.