डिस्कवर्ल्ड-मालेचा शेवटचा मणि

इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांची 'डिस्कवर्ल्ड' माला १९८३ सालीं सुरू झाली. प्रचंड कांसवाच्या पाठीवर चार हत्ती, व त्यांच्या पाठीवर थाळीसारखें चपटें जग! शेषाच्या मस्तकावरील पृथ्वी ज्यांच्या ओळखीची, त्या आमच्या वाचकांना या भूगोलाचें नवल वाटूं नये. मालेंतील एकेचाळिसावें व अखेरचें पुस्तक 'द शेफर्ड्स क्राउन' हें लेखकाच्या निधनानंतर, २०१५ च्या ऑगस्टांत, प्रसिद्ध झालें.

या मालेंत मृत्यु हें एक पात्रच आहे. काळा झगा, पांढरा घोडा आणि मांजरांची भारी आवड! हा सांगाडा क्रूर नाहीं. नेमलेलें काम तेवढें चोख बजावितो. त्याचें बोलणें इंग्रजींत कॅपिटल अक्षरांनीं छापितात. आमच्या बाळबोध लिपींत ती सोय नाहीं. भाषांतरकारानें येथें काय करावें, हा प्रश्नच आहे.

शेवटच्या पुस्तकांत तो ग्रॅनी वेदरवॅक्सकडे येतो. ही वृद्धा चेटकीण खरी, परंतु गांवची सुईण, वैदू व न्यायाधीशही तीच. वेळ आल्याचें कळतांच ती घर झाडून-घासून लख्ख करते, आपल्या देहासाठीं वाळुंजाच्या फोकांची साधी टोपली विणते, स्नान करून अंथरुणावर पडते. झोपडी टिफनी नांवाच्या तरुण मुलीच्या स्वाधीन होते. रडारड नाहीं, उपदेश नाहीं. मृत्यूशीं तिचा संवाद तर दोन जुन्या शेजाऱ्यांचा वाटतो.

प्रॅचेट यांना अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार जडल्याचें २००७ सालीं जाहीर झालें होतें. टंकलेखन अशक्य झाल्यावर ते तोंडी मजकूर सांगत. १२ मार्च २०१५ रोजीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं ते वारले. आणखी अवधि मिळता तर पुस्तकावर आणखी हात फिरला असता, हें त्यांच्या साहाय्यकानेंही नमूद केलें आहे. तें पटतें. उत्तरार्धांतील यक्षांची स्वारी घाईची वाटते. नेहमींचा बोचरा विनोदही तेथें विरळ. ग्रॅनीच्या मृत्यूचें प्रकरण मात्र पुरतें घोटलेलें आहे. तेवढ्यासाठींसुद्धां पुस्तक विकत घ्यावें. राहिलेलीं अपुरीं लिखाणें लेखकाच्याच इच्छेनुसार २०१७ सालीं वाफेच्या रोलरखालीं चिरडण्यांत आलीं!

मरणाचा विषय घरांत मुलांसमोर टाळावा, असें मानणारे पालक पुष्कळ आहेत. आम्ही तर हें पुस्तक बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं निःशंक देऊं. मात्र आधीं टिफनीची पहिली कथा, 'द वी फ्री मेन' (२००३), वाचूं द्यावी.