विश्लेषण : थंडीत गाडी सुरू करून किती वेळ उभी ठेवायची? कर्जत-खोपोलीकरांसाठी उत्तर जरा वेगळं का?

डिसेंबर उजाडला की एक सल्ला दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवा, इंजिन तापू द्या, मगच निघा. कर्जत, नेरळ, खोपोली भागात हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला जातो, कारण इथली थंडी मुंबईपेक्षा बोचरी. उल्हास नदीच्या काठी धुकं, काचेवर दव आणि पार्किंगमध्ये नुसत्याच घुरघुरणाऱ्या गाड्या, हे हिवाळ्यातलं नेहमीचं चित्र.

पण इंजिनाला याची खरंच गरज असते का? आजच्या बहुतेक गाड्यांना नसते. अर्धा मिनिट पुरे, फार तर एक मिनिट. मात्र कर्जत-खालापूर पट्ट्यात या उत्तराला एक पुरवणी जोडावी लागते, आणि तिचं कारण थंडी नाही, घाट आहे.

सल्ला आला कुठून?

हा सल्ला खोटा नव्हता, जुना झाला आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरला बाहेर थंडी आहे की ऊन हे कळत नसे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चालकाला चोक ओढून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागे. घाई करून निघालं की गाडी चौकातच बंद पडायची. तेव्हा दोन-चार मिनिटं थांबणं हाच शहाणपणा होता.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता सेन्सर इंजिनाचं तापमान मोजतो आणि किती इंधन सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही हीच पद्धत आली. चोक गेला, पण चोकच्या जमान्यातला सल्ला राहिला.

दुसरी भीती तेलाची. रात्रभरात इंजिन ऑइल खाली उतरतं आणि सकाळी वरचे भाग कोरडे चालतात, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात भागांवर तेलाचा पातळ थर राहिलेला असतो आणि पंप काही सेकंदांत तेल सगळीकडे पोहोचवतो. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. ही तेलं शून्याखालच्या तापमानाचा विचार करून बनवलेली असतात. कर्जतची थंडी त्यांच्या हिशेबात थंडीच नाही.

उभ्या गाडीचं नुकसान

जागेवर चालू ठेवलेलं इंजिन फार सावकाश तापतं, कारण त्याच्यावर कामच नसतं. तापेपर्यंत कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे झीज टाळायला जे करायचं, त्यानेच झीज वाढते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही दोन-अडीचशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तोवरचा धूर पार्किंगवरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत जातो.

खर्चाचं गणितही सोपं आहे. तासाला ०.६ लिटर पेट्रोल धरलं तरी रोजची दहा मिनिटं म्हणजे महिन्याला तीन लिटर. शंभरच्या वरच्या भावाने तीनशे रुपये, एक मीटरही न जाता.

या सगळ्यापेक्षा गंभीर धोका बंद गॅरेजचा. पावसाळ्यात किंवा थंडीत शटर खाली ठेवून गाडी ‘तापवणं’ जिवावर बेतू शकतं. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस दारापर्यंत पोहोचू शकत नाही. गॅरेजच्या वर किंवा लगत झोपायची खोली असेल तर धोका घरातल्यांनाही आहे. बंगल्यांची आणि फार्महाऊसची संख्या वाढलेल्या कर्जत तालुक्यात हे प्रत्येक फॉरवर्डच्या आधी सांगायला हवं.

मग घाटाचं काय?

इंजिन तापवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गाडी हळू चालवणं. पहिले चार-पाच किलोमीटर जोरात रेस द्यायची नाही, एवढाच नियम. ॲल्युमिनियमचे पिस्टन तापून आपल्या मापात यायला आणि तेल पातळ व्हायला तेवढा वेळ लागतो. डोंबिवली किंवा पनवेलमध्ये सकाळची रहदारी हे काम आपोआप करते.

खोपोलीत तसं नाही. जुन्या महामार्गाने निघालं की शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारी चढण लगेच सुरू होते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीचंही तेच. दिवसाची पहिली फेरी, गाडी माणसांनी भरलेली आणि थोड्याच अंतरात पहिल्या-दुसऱ्या गिअरची चढण. थंड इंजिनावर पूर्ण भार टाकणं हेच सगळ्यात वाईट, आणि इथला रस्ता नेमकं तेच करायला लावतो.

म्हणून घर घाटाच्या तोंडाशी असेल तर एक-दोन मिनिटं थांबण्यात अर्थ आहे. त्याहून बरं म्हणजे गावातून, सपाटीवरून दोन-तीन किलोमीटर फिरून चढणीला लागणं. चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथवत नेऊ नये आणि पहिल्यात बोंबलवतही नेऊ नये. डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझला किंवा काटा मध्यावर आला तरी ते पाण्याचं तापमान असतं, तेलाला आणखी थोडा वेळ लागतो. टर्बो इंजिनाच्या बाबतीत हे जास्त पाळावं. घाट चढून वर पोहोचल्यावरही ते लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू राहू द्यावं.

स्टेशनपर्यंतची गाडी

कर्जत-नेरळच्या गाड्यांचं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, दिवसभर पार्किंग, रात्री परत दोन किलोमीटर. या गाडीचं इंजिन आठवडाभर पूर्ण तापतच नाही. जळताना तयार होणारं पाणी आणि न जळालेलं पेट्रोल तेलातच साचतं, सायलेन्सर आतून गंजतो. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर तुंबतो, कारण तो स्वतःला साफ करण्यासाठी सलग, वेगात चालण्याची वाट पाहत असतो. सकाळी दहा मिनिटं उभी ठेवून यातलं काही सुटत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणं आणि किलोमीटर कमी झाले तरी मुदतीत तेल बदलणं, हा यावरचा उपाय. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यातल्या गाडीलाही तोच लागू. दहा मिनिटांच्या घुरघुरीत बॅटरी भरत नाही.

इथेनॉलमुळे काही बदललं का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून हाही प्रश्न विचारला जातो. इथेनॉल थंडीत सहज पेटत नाही, हे खरं आहे. पूर्ण इथेनॉलवरही चालणाऱ्या ब्राझीलमधल्या गाड्यांना थंड सकाळी सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी दिलेली असे. आपल्याकडे ८० टक्के पेट्रोलच असल्याने कर्जतच्या पहाटेला अडचण यायचं कारण नाही. गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल तर आधी बॅटरी आणि स्पार्क प्लग तपासावेत.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी मात्र जुनाच नियम ठेवावा. डिझेल गाडीत हीटरचा वेटोळ्यासारखा दिवा विझेपर्यंत थांबून मग चावी फिरवावी. अमेरिकेत मिनेसोटासारख्या ठिकाणी, जिथे पारा उणे ३० पर्यंत उतरतो, तिथे राहणाऱ्या नातेवाइकांचा सल्ला तिथल्यापुरता बरोबर आहे. तिथे काही जण रात्रभर इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. इकडे काचेवरचं दव पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात इंजिन निघायला तयार असतं.